इंटरसेप्टर ६५० ला टूरिंगसाठी कुठला सायलेन्सर? आवाज हवा, डोकेदुखी नको

सहावा_गिअर

मंडळी, गाडी रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५०, बीएस६, अजून सगळं कंपनीचंच. वापर मुख्यतः लांबचा: पुणे–गोवा, पुणे–नागपूर, पावसाळ्यात कोकण. दोन्ही बाजूंना कापडी सॅडल बॅगा, मागे बायको. मूळ सायलेन्सरचा आवाज फारच सोवळ्यातला वाटतो. खर्जातला, भरदार आवाज हवाय. फटाका नको, आणि पहाटे पाचला निघताना सोसायटीच्या खिडक्या उघडायला नकोत.

दुकानात गेलं की न्यूट्रलमध्ये रेस करून दाखवतात आणि सगळेच पाईप भारी वाटतात. तर विचारायचंय: नुसता स्लिप-ऑन (फक्त मागचा सायलेन्सर) बसवावा की बेंड पाईपसकट (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतची नळी) फुल सिस्टिम? डीबी किलर (सायलेन्सरच्या तोंडात बसणारा, आवाज दाबणारा तुकडा) ठेवायचा की काढायचा? ट्यूनिंग (पेट्रोलचं प्रमाण नव्याने जुळवणं) लागतं का? आणि शंभरच्या स्पीडला डोक्यात घुमणारा आवाज आधीच कसा ओळखायचा? बजेट २५–३० हजार.

खर्ज_पंचम

दुकानातली रेस सोडून द्या. न्यूट्रलमध्ये इंजिनवर लोड नसतो, रस्त्यावर असतो. दोन्हींचा आवाज सारखा येतच नाही.

तुमच्या गाडीला सहाव्या गिअरमध्ये शंभरला साधारण ४,००० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) असतात. फोर-स्ट्रोक आहे, म्हणजे एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा फायर होतो: मिनिटाला २,०००, सेकंदाला ३३. दोन सिलिंडर मिळून ६७. हे ६७ हर्ट्झ म्हणजे तुमचा टूरिंगचा मूळ सूर. दिवसाचे सहा तास तोच ऐकायचाय. पाईप निवडताना याच जागी तो कसा वागतो एवढं बघा. १,५०० ला कसा गुरगुरतो आणि ७,००० ला कसा ओरडतो याला टूरिंगमध्ये फारशी किंमत नाही.

दुसरं म्हणजे, आवाजाचा बाज पाईपमध्ये तयार होत नाही, क्रँकमध्ये (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यात) होतो. ६५० चा क्रँक २७० अंशांचा आहे, म्हणून फायरिंग २७० आणि ४५० अंशांच्या अंतराने होतं. ९० अंशी व्ही-ट्विनमध्येही हेच अंतर असतं, ती लंगडती चाल तिथून येते. जुन्या ब्रिटिश ३६०-अंशी ट्विनचा सरळ ठेका या इंजिनातून कुठलाही पाईप काढून देणार नाही, आणि बुलेटचा ‘डुग-डुग’ तर नाहीच. यातलं किती बाहेर सोडायचं आणि किती गिळायचं, एवढंच पाईपच्या हातात असतं.

आता गिळण्याबद्दल. मधे भोकांची नळी, भोवती ग्लासवूल अशी सरळ आरपार रचना वरचे सूर खाते: कर्कशपणा, चरचर, पत्र्याचा आवाज. खालचा घुमारा ती जवळजवळ तसाच सोडते. ६७ हर्ट्झ मारायला एकतर आत कप्पे आणि पुरेसं घनफळ लागतं, नाहीतर बाजूला बंद तोंडाची नळी लागते. गरम धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५२० मीटर धरला (४०० अंश सेल्सिअसला तेवढा असतो), तर त्या नळीची लांबी ५२० भागिले (४ गुणिले ६७), म्हणजे जवळपास दोन मीटर. गाडीत शक्यच नाही. उरतं ते सायलेन्सरचं आकारमान. म्हणून ३० सेंटिमीटरचे आखूड, जाड ‘शॉर्टी’ कॅन दिसायला कितीही देखणे असले तरी टूरिंगला घेऊ नका. घुमणारा आवाज जवळजवळ हमखास तिथेच येतो.

दुकानात टॉर्च न्या. एका तोंडातून प्रकाश टाकून दुसऱ्या तोंडातून बघा. थेट आरपार दिसलं तर पाईप सरळ आहे, मग त्यावर लेबल काहीही असो. दिसलं नाही तर आत कप्पे किंवा उलट-वळण आहे. तुम्हाला हा दुसरा प्रकार हवा, लांबी मूळ सायलेन्सरच्या जवळपास, आणि बरोबर सुटा होणारा डीबी किलर. खर्ज त्यातच नीट येतो, कारण वरचा गोंगाट दबला की खालचं उठून दिसतं.

मागच्या सीटचा विचार बहुतेकांच्या डोक्यात नसतो. सायलेन्सरचं तोंड मागे बसणाऱ्याच्या कानाला चालवणाऱ्यापेक्षा बरंच जवळ असतं. तुम्हाला जो आवाज ‘छान’, तो तिकडे ‘पुरे आता’. चाचणी घ्यायची तर चालवा तुम्ही आणि मत मागच्या सीटचं घ्या: सहाव्या गिअरमध्ये ३,५०० ते ४,५०० च्या दरम्यान थ्रॉटल न हलवता दहा मिनिटं, मग हलका चढ, मग थ्रॉटल बंद करून उतार. सर्वांत जास्त घुमतं ते हलक्या चढावर.

आरसी_बुक

वरचं सगळं बरोबर, पण कायद्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० सायलेन्सरचा. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला टाइप-अप्रूव्हलच्या वेळी ८० डेसिबल (ए) ही मर्यादा. ती चालत्या गाडीवर, ७.५ मीटर अंतरावरून मोजतात. हे प्रमाणपत्र गाडीच्या त्या मॉडेलला मिळतं, एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून. तुम्ही बाजारातून आणलेला पाईप त्या प्रमाणपत्रात नाही. पाईपवर युरोपचा ‘ई’ शिक्का असेल तर तो त्या मालाच्या दर्जाची खूण म्हणून ठीक, रस्त्यावर दाखवायचा परवाना नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९०(२) खाली आवाज-प्रदूषणाच्या मानकांचा भंग झाला तर पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्सला अपात्र. कलम १८२ए(४) खाली परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला बदलामागे ५,००० रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आपल्याकडे जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोडरोलर फिरवलेले फोटो सगळ्यांनी पाहिलेत. त्यात पाईप तीन हजारांचा की तीस हजारांचा हे कुणी विचारत नाही.

दवाखाना, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र. रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल. तुमची पहाटे पाचची वेळ त्यातच येते. मूळ सायलेन्सर विकू नका, तेलाचा हात फिरवून, गुंडाळून माळ्यावर ठेवा. विम्याच्या कागदातही बदल कळवलेला बरा.

सहावा_गिअर

धन्यवाद. टॉर्चची युक्ती भारी आहे. एका ठिकाणी सांगितलं की कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून टू-इन-वन (दोन्ही पाईप एकाच सायलेन्सरमध्ये) बसवा, चार किलो कमी होतील, पॉवर वाढेल, एका बाजूची बॅगही मोकळी होईल. दुसऱ्याने सांगितलं, काही विकत घेऊ नका, मूळ सायलेन्सरलाच मागून तीन भोकं पाडा, फुकटात काम. यात कितपत तथ्य?

लॅम्बडा_एक

भोकांचं आधी. नका पाडू. मागच्या पत्र्याला भोक पाडलं की शेवटचा कप्पा निकामी होतो. आवाज वाढतो, पण खर्ज वाढत नाही, मधल्या पट्टीतली फरफर वाढते. पुढे भोकाच्या कडेला पत्रा थरथरून चिरा जातात. आणि परतीचा रस्ता बंद: वॉरंटी, विक्री, तपासणी, सगळीकडे तो सायलेन्सर छिद्रासकट दिसतो.

कॅटबद्दल. ६५० मध्ये कॅट बेंड पाईपच्या बाजूला आहे, सायलेन्सरमध्ये नाही. त्यामुळे नुसते स्लिप-ऑन बदलले तर कॅट आणि त्याच्या आधीचे ऑक्सिजन सेन्सर दोन्ही जागच्या जागी राहतात. स्थिर वेगात ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सेन्सर बघून पेट्रोल ठरवतो, म्हणून डीबी किलरसकट बसवलेल्या चांगल्या स्लिप-ऑनला सहसा ट्यूनिंग लागत नाही. पूर्ण थ्रॉटलला मात्र तो ठरलेल्या नकाशावर चालतो, तिथे फार मोकळा पाईप असला तर मिश्रण थोडं लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) जाऊ शकतं. टूरिंगला तुम्ही तिथे किती वेळ असता?

फुल सिस्टिम आणि कॅट काढणं हे वेगळं प्रकरण. तिथे फ्युएलएक्ससारखा पिगीबॅक (ईसीयूला जोडून पेट्रोलचं प्रमाण बदलणारा डबा) किंवा ईसीयू रीमॅप (त्याचा नकाशाच बदलणं) धरूनच हिशेब करा. म्हणजे बजेट गेलंच. शिवाय पीयूसीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) वाढतो, धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येतो, सिग्नलला मागच्याचे डोळे चुरचुरतात. आणि मिळतं काय? हे इंजिन ४७ बीएचपीचं. नुसत्या पाईपने त्यात जी वाढ होते ती दोन माणसं आणि सामान लादल्यावर जाणवणारी नाही. वजन कमी होतं हे खरं. पण आवाजासाठी कॅट काढायची गरज नाही. कॅट स्वतः थोडा मफलर आहे, तो गेला की नेमका तो कोरडा, पत्र्याचा ठसका येतो जो तुम्हाला नकोय.

थ्रॉटल सोडल्यावर ‘फट-फट’ ऐकू आलं की लोक लगेच ट्यूनरकडे धावतात. नव्या पाईपनंतर हे सुरू झालं असेल तर दहात नऊ वेळा सांध्यातून हवा आत शिरतेय: न जळलेलं पेट्रोल, गरम पाईप, वर बाहेरचा ऑक्सिजन. आधी क्लँप बघा. गळती सेन्सरच्या आधी असेल तर आणखी वाईट, कारण सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो, तो ईसीयूला ‘लीन’ सांगतो आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवत बसतो. मायलेज पडतं, प्लग काळे होतात.

रिंगपाना

टू-इन-वनच्या मी इतका विरोधात नाही. एक बाजू मोकळी होते, बॅग आत घेता येते, चिखलात साफसफाई अर्धी. पण दोन सायलेन्सरचं घनफळ एकात येतं, म्हणजे खर्ज_पंचम म्हणतात तो घुमारा वाढायची शक्यताही तिथेच. घ्यायचाच तर मेन स्टँड पूर्ण वर जातो का आणि ऑइल फिल्टर काढायला हात पोचतो का, हे बसवलेल्या गाडीवर बघून घ्या.

धातूबद्दल दोन शब्द, कारण कोकण म्हणालात. खिशात लोहचुंबक ठेवा. ३०४ स्टेनलेसला तो चिकटत नाही, चिकटला तरी अगदी नावापुरता. ४०९ या दुसऱ्या जातीच्या स्टेनलेसला घट्ट चिकटतो. ४०९ वाईट नाही, कंपन्याही वापरतात, पण खाऱ्या हवेत वरून तांबूस होतो. क्रोम केलेलं साधं लोखंड आतून सडतं: एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, आणि गाडी नीट तापायच्या आत बंद केली की ते सायलेन्सरमध्येच बसतं. म्हणून खालच्या बाजूला बारीक भोक असतं. ते ‘लीक’ समजून एम-सीलने बुजवणारे महाभाग आहेत. बुजवू नका.

टायटॅनियम हलकं, पण पातळ पत्र्यामुळे आवाज वरच्या अंगाने जातो. खर्ज हवा असेल तर पैसे तिथे घालू नका. कार्बनच्या कव्हरला बॅग टेकली की काम संपलं.

बसवायची रीत. इंजिन पूर्ण गार. जुना क्लँप ढिला करा, मग मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटचा बोल्ट. सायलेन्सर गोल-गोल हलवत मागे ओढा, हातोडी नको. अडला तर पेनेट्रेटिंग ऑइल मारून अर्धा तास चहा प्या. बेंड पाईपचं तोंड काथ्याने घासून काजळी काढा. मधलं ग्राफाइटचं पॅकिंग जुनं वापरायचं नाही. ते दाबलेलं असतं, परत धरत नाही. नवा पाईप घेण्याआधी सांध्याचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजून घ्या. एक मिलिमीटर सैल असला तरी क्लँप तो फरक खात नाही.

आता सगळे बोल्ट हाताने लावा, कुठलाच आवळू नका. दोन्ही बाजू मागून बघून समान करा. मग इंजिनकडून मागे या क्रमाने आवळा: आधी क्लँप, शेवटी ब्रॅकेट. उलट केलं तर पाईप ताणात बसतो, आणि तो ताण दोन-तीन हजार किलोमीटरनंतर ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर चीर म्हणून दिसतो. एम८ बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर, एम६ ला १०. पाईपबरोबर कागद आला असेल तर त्यातला आकडा. आट्यांना चिमूटभर अँटी-सीझ लावा. नायलॉक नट एक्झॉस्टवर वापरू नका, आतलं नायलॉन वितळतं. निळं लॉकटाइटही त्या तापमानाला टिकत नाही. पूर्ण धातूचा लॉकनट किंवा स्प्रिंग वॉशर.

पहिल्यांदा चालू करण्याआधी पाईप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बोटांचे तेलकट ठसे तापले की स्टेनलेसवर कायमचे उमटतात. चालू केल्यावर सांध्यावर साबणाचं पाणी मारा, दुसऱ्याने जाड ओलं फडकं दोन्ही तोंडांवर क्षणभर धरायचं. बुडबुडे आले की गळती. १०० किलोमीटरनंतर पूर्ण गार झाल्यावर सगळं परत एकदा आवळा.

बॅगा: कापडी बॅग आणि सायलेन्सर यात किमान चार बोटं अंतर, तेही बॅग भरलेली, मागे माणूस बसलेला आणि सस्पेन्शन दाबलेलं असताना. नुसती उभी गाडी बघून ठरवू नका. लोखंडी सॅडल स्टे लावाच. पावसात भिजून जड झालेली बॅग खाली लोंबते आणि तेव्हाच वितळते.

खर्ज_पंचम

डीबी किलरबद्दल राहिलं. ठेवा. त्याचं भोक पाईपच्या तोंडापेक्षा बरंच लहान असतं, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलतं: ५० मिमीच्या जागी २५ मिमी म्हणजे चौथा हिस्सा. फार घुसमट वाटली तर काढून टाकण्याऐवजी त्याच कंपनीचा ३० किंवा ३२ चा मिळतो का विचारा. त्याचा एम६ स्क्रू तापून-गार होऊन सैल होतो आणि किलर वाटेत पडतो. बारीक स्टेनलेस तारेने बांधून टाका, पाच मिनिटांचं काम.

मोबाईल ॲपने मोजायचं तर एकच रीत धरा: पाईपच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशांत, तोंडाच्याच उंचीवर, ३,६०० आरपीएम. उभ्या गाडीच्या चाचणीत मोठ्या आरपीएमच्या इंजिनाला कमाल पॉवरच्या निम्मे आरपीएम धरतात, तुमचे ७,२५० चे निम्मे. फोनचा आकडा खरा मानू नका, फक्त आधी आणि नंतरचा फरक बघा. आणि हा आकडा त्या ८० शी ताडू नका, तिथे अंतर पंधरापट आहे. ३ डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दुप्पट, १० वाढले की कानाला आवाज दुप्पट. फरक ५–६ च्या वर गेला तर पहाटे पाचची सोसायटी विसरा.

आणि काहीही बसवलं तरी फोमचे इअरप्लग दोघांनाही. शंभरच्या स्पीडला हेल्मेटमध्ये वाऱ्याचाच आवाज ९० च्या वर असतो. कानाला ८५ डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ९४ ला एकच तास. गंमत म्हणजे प्लग वाऱ्याची सळसळ जास्त कापतात आणि खर्ज कमी, त्यामुळे पाईप उलट छान ऐकू येतो.

सहावा_गिअर

म्हणजे ठरलं: कप्प्यांचा लांब स्लिप-ऑन, ३०४, किलर आत, कॅट जागेवर, मूळ जोडी माळ्यावर. शेवटचं एक: आत थोडंफार ग्लासवूल असतंच, ते कधी बदलायचं?

रिंगपाना

आवाज हळूहळू फाटू लागला, किंवा कॅनच्या मधोमध रंग बदलला, की वूल जळलंय. साधारण १५–२० हजार किलोमीटर धरा, किलर काढून फिरवलं तर लवकर. रिव्हेटचा कॅन घ्या, वेल्डिंगने बंद केलेला घेऊ नका, नाहीतर उघडणारच कसा?

रिव्हेट त्यांच्याच मापाच्या ड्रिलने काढा, बहुधा ४.८ मिमी. आतल्या जाळीच्या नळीची काजळी तारेच्या ब्रशने झाडा, भोकं मोकळी करा. नळीभोवती आधी स्टेनलेस वूलचा एक पातळ थर, त्यावर लांब धाग्याचं ग्लासवूल. घरांच्या छताला घालतात ते पिवळं चालत नाही, त्यातलं बाइंडर जळून धूर होतो. वजन मोजून भरा: लिटरमागे १०० ते १५० ग्रॅम. बाहेरचा व्यास १०० मिमी, नळी ४५, वूलची लांबी ३५० असेल तर मधली जागा २.२ लिटर, म्हणजे एका बाजूला २२० ते ३३० ग्रॅम. कमी भरलं तर धुराबरोबर उडून जातं. ठासून भरलं तर ते भिंतीसारखं वागतं आणि आवाज शोषतच नाही. दोन्ही बाजूंना समान वजन, नाहीतर डावा-उजवा वेगळा वाजतो. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट. परत लावताना रिव्हेट स्टेनलेसचे, ॲल्युमिनियमचे सैल होतात.